न ऐकलेले शब्द उच्चारताना : कर्णबधिरांचे अनुभव आणि एक प्रत्यक्ष प्रश्न

रामबागकर (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. मी जन्मतः दोन्ही कानांनी कर्णबधिर असून लहानपणापासून श्रवणयंत्र वापरते. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि कार्यालयात हिंदी-इंग्रजी, असा इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत असतो तोच क्रम माझ्याही वाट्याला आला. मी बोलते, आणि ओळखीच्या माणसांना माझे बोलणे व्यवस्थित समजते. मात्र कधीही कानावर न पडलेला शब्द पहिल्यांदा तोंडाने म्हणताना काय होते, याविषयी आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानावर एखादा शब्द असंख्य वेळा पडतो आणि मग केव्हातरी तो त्याला छापलेला दिसतो. माझ्याकडे बहुतेक शब्द पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून आणि दुकानांच्या पाट्यांवरून आले. अर्थ ठाऊक असतो, शुद्धलेखन बिनचूक असते, वाक्यात तो शब्द कुठे शोभेल हेही कळते. परंतु इतरांच्या तोंडून तो कसा निघतो, हे ठाऊक नसते. त्यामुळे लिहिताना सहज हाताशी येणारे कितीतरी शब्द मी बोलताना टाळते आणि त्यांच्या जागी खात्रीचे, रोजचे शब्द योजते. माझे बोलणे आधी ऐकलेल्या माणसाच्या हाती पुढे माझे पत्र पडले, की ‘हे तुम्हीच लिहिले का?’ असा प्रश्न येतो. या प्रश्नाचे मला दर वेळी वाईट वाटते.

इंदूरमध्ये राहिल्यामुळे यात एक वेगळी भर पडते. इथल्या पाट्या हिंदीत असतात. मराठीत आपण ‘बँक’, ‘मॅनेजर’, ‘मेकॅनिक’ लिहितो, तर हिंदीत तेच शब्द ‘बैंक’, ‘मैनेजर’, ‘मैकेनिक’ असे लिहिले जातात. ‘ऐ’ म्हणजे ‘अइ’ हे मी शाळेत जाण्यापूर्वीच आईकडून शिकले होते, त्यामुळे पाटीवरचा ‘मैकेनिक’ मी वर्षानुवर्षे ‘मइकेनिक’ असाच म्हणत असे. मला कोणीही थांबवले नाही, कारण ऐकणाऱ्यांनी तो उच्चार माझ्या बहिरेपणाच्या खात्यावर मांडून टाकला होता. वास्तविक मी वाचनाचा शिकवलेला नियम काटेकोरपणे पाळत होते. कर्णबधिर माणसाच्या बोलण्यातील प्रत्येक वेगळा उच्चार कानामुळेच होतो असे धरून चालल्यामुळे, एका वाक्यात सांगता येण्यासारखी माहितीसुद्धा आमच्यापर्यंत पोहोचत नाही.

‘ज्ञ’चे तसेच. घरी ‘द्न्य’, शाळेत ‘ग्य’, आणि समोरच्या गुजराती कुटुंबात ‘ग्न’. बोलणाऱ्याच्या ओठांवर या तिन्हींत मला काहीही फरक दिसत नाही. भंवरकुआं या चौकाच्या नावात तर आरंभी महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासह निघणारा ‘भ’, आहे आणि दोन ठिकाणी स्वर नाकातून निघतो, आणि यांतले काहीच बाहेरून दिसत नाही. तिथे जायचे असल्यास मी ऑटोचालकाला नाव मोबाइलवर लिहून दाखवते आणि त्यात मला काडीचाही कमीपणा वाटत नाही.

आता विचारण्याचे तातडीचे कारण सांगते. आमच्या भागातील मंडळ गणेशोत्सवात मुलांसाठी श्लोकपठणाची स्पर्धा घेते. माझ्या ओळखीतील एका कर्णबधिर मुलीला तीत भाग घ्यायचा आहे. शंभरपैकी चाळीस गुण उच्चारशुद्धीला आहेत. तिची आई द्विधा मनःस्थितीत आहे आणि मंडळाचे लोकही सद्भावनेने, पण गोंधळून, काय करावे असे विचारत आहेत. तिने भाग घ्यावा का, आणि घेतल्यास तिला कोणत्या मापाने मोजावे? ज्यांना या प्रश्नाचा आतून अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त हिशेबनीस

ताई, आपले म्हणणे वाचून मला माझ्याच अनुभवाची दुसरी बाजू दिसली. माझी श्रवणशक्ती पन्नाशीनंतर एका आजारात गेली आणि २०१२ पासून मला यंत्र लावूनही शब्द कळत नाहीत. त्याआधी ऐकलेले सर्व शब्द माझ्या मनात आजही आवाजासह वाजतात. वडिलांची हाक, नाट्यगीते, राजवाड्याजवळच्या फेरीवाल्यांची आरोळी, सगळे. माझी अडचण आहे ती त्यानंतर जन्मलेल्या शब्दांची.

‘यूपीआय’ २०१६ मध्ये आले. ‘कोविड’ हे नाव फेब्रुवारी २०२० मध्ये दिले गेले, ‘ओमिक्रॉन’ नोव्हेंबर २०२१ मध्ये. हे शब्द लोकांच्या तोंडी कसे रुळले, ते मी कधीही ऐकलेले नाही. वर्तमानपत्रांवर भिस्त ठेवावी, तर एका अंकात ‘ओमिक्रॉन’ आणि दुसऱ्यात ‘ओमायक्रॉन’ छापलेले असे. ‘रेमडेसिविर’चे तर मी तीन-चार प्रकारचे लेखन पाहिले. त्याच काळात सर्वांच्या तोंडावर मास्क आल्याने ओठ पाहून अंदाज बांधण्याची सोयही गेली. औषधांच्या दुकानात मी चिठ्ठी पुढे करत असे, आणि दुकानदार मास्कआडून काहीतरी विचारत असे. तो काय विचारतो हे मला कळत नसे आणि चिठ्ठीवरचे नाव म्हणून दाखवण्याचे धैर्य मला होत नसे.

माझ्या नातीचा जन्मही त्यानंतरचा. तिच्या नावात ऋकार आहे. आपण मराठीत तो ‘रु’सारखा म्हणतो, तिच्या शाळेत हिंदीच्या रीतीने ‘रि’ म्हणतात. ती स्वतः स्वतःला काय म्हणते, हे मला ओठांवरून ठरवता येईना. शेवटी मी तिलाच विचारले. तिने कागदावर मोठ्या अक्षरांत ‘रु’ लिहून दिले, आणि मी तेव्हापासून तसेच म्हणतो. विचारायला मी इतका काळ का थांबलो, याचे उत्तर एवढेच, की घरातल्या माणसाचे नाव विचारायचे असते हे मनाला पटत नव्हते.

वाचावैखरी

मी वाचा-उपचाराच्या क्षेत्रात काम करते. वरील दोन्ही अनुभव मला रोज भेटतात. त्यांमागचे कारण थोडे खोलात जाऊन सांगते, कारण स्पर्धेच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे असे मला वाटते.

आपल्या वर्णमालेचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. क, च, ट, त, प अशा पाच ओळी. प्रत्येक ओळ तोंडातील एका जागेची आहे : कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. कर्णबधिर मुलाला शिकवताना हा तक्ता म्हणजे मोठेच वरदान आहे, कारण जीभ कुठे टेकवायची हे तो आधीच सांगतो. मात्र समोरच्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्याला यातील फारच थोडे दिसते. ‘प’ची ओळ स्पष्ट दिसते, ‘त’ची काहीशी दिसते, ‘क’ची जवळजवळ दिसतच नाही. आणि ओळीच्या आत प, फ, ब, भ, म यांमधला फरक तर मुळीच दिसत नाही, कारण तो कंठातील कंपाचा, श्वासाच्या झोताचा आणि नाकाचा आहे. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पापा’, ‘बाबा’, ‘मामा’ म्हणून पाहा. तिन्ही एकच दिसतात.

जे दिसत नाही ते स्पर्शाने शिकवावे लागते. मुलाचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवला, की ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक त्याला लागलीच कळतो. ‘म’ म्हणताना बोट नाकपुडीच्या बाजूला ठेवले की तिथे थरथर जाणवते. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरली, तर ‘प’ म्हणताना ती किंचित हलते आणि महाप्राण ‘फ’ म्हणताना फडकन उडते. पाचव्या-सहाव्या वर्षी ही पट्टी उडवताना मुलांना इतका आनंद होतो, की तास संपल्यावरही ती पट्टी मागतात.

आता कानाचे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असणाऱ्या व्यक्तीस बधिर मानले आहे, तर समोरासमोरचे साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणजे यंत्राशिवाय ते कानात शिरतच नाही. यंत्र लावल्यानंतरही सगळे ध्वनी सारखे परत येत नाहीत. स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले असतात. स, श यांसारखे ध्वनी क्षीण असतात आणि त्यांची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. म्हणून अनेक जण सांगतात, की कोणीतरी बोलते आहे हे ऐकू येते, पण काय बोलते हे कळत नाही. ओळखीच्या शब्दात मन ती रिकामी जागा भरून काढते. अनोळखी शब्दात भरायला काही नसते. ऐकू येणाऱ्यांनाही याची चुणूक दूरध्वनीवर मिळते, कारण जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीतून फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी जातात. एरवी ‘स समईतला’ असे फोडून सांगण्याची वेळ आपल्यावर का आली असती?

राहिला वाचनाचा भाग. देवनागरीत जसे लिहितो तसेच बोलतो, असे आपण अभिमानाने सांगतो. कर्णबधिर वाचक ते वचन शब्दशः खरे धरतो आणि तिथेच अडतो. आपण ‘सरकार’ लिहितो आणि ‘सर्कार’ म्हणतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत एकच ‘झ’ लिहितो, पण पहिल्यात जीभ दातांकडे जाते आणि दुसऱ्यात टाळूकडे. ‘संत’मधला अनुस्वार ‘न’ होतो, ‘संप’मधला ‘म’ होतो, आणि ‘संसार’ किंवा ‘सिंह’ म्हणताना त्यात वकाराची छटा येते. ऐकणारे मूल हे सर्व कोणी न शिकवता उचलते. कर्णबधिर मुलाला यातला एकेक नियम कोणीतरी उच्चारून, दाखवून, लिहून द्यावा लागतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तो बहुधा लिहिलेला नसतो.

जुनी इंदूर

माहिती उत्तम आहे. एक शंका विचारतो, गैरसमज नसावा. वाचून शिकलेले शब्द तर ऐकू येणारेही चुकीचे म्हणतात. माझ्या पिढीत मराठी माध्यमातून आलेल्या कित्येकांनी इंग्रजी शब्द अनेक वर्षे छापल्यासारखे म्हटले. ‘ब्राह्मण’ लिहिणारे ‘ब्राम्हण’ म्हणतातच. मग कर्णबधिरांच्या बाबतीत याला वेगळे स्थान का द्यावे?

रामबागकर

शंका रास्त आहे आणि ती आपण सभ्यपणे विचारलीत, त्याबद्दल आभार. फरक चूक होण्यात नाही, ती सुटण्यात आहे. आपण एखादा शब्द छापल्यासारखा म्हटलात, तर त्याच आठवड्यात तो कुणाच्या तरी तोंडून, बातम्यांत किंवा बसमध्ये आपल्या कानावर पडतो आणि आपण कोणालाही न कळू देता तो सुधारून घेता. मला ती संधी नाही. कोणीतरी थांबून सांगितले तरच मला कळणार, आणि सांगणारा संकोच करतो. मग तो उच्चार वीस-वीस वर्षे तसाच राहतो.

दुसरे असे, की आपल्या चुकीवरून कोणी आपल्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढत नाही. माझे बोलणे पहिल्यांदा ऐकणारी माणसे मला दक्षिणेकडची समजतात, नेपाळची समजतात, आणि काही जण माझ्याऐवजी माझ्या बरोबर आलेल्या व्यक्तीला प्रश्न विचारू लागतात. एका कार्यालयात मी कामाचा पारिभाषिक शब्द उच्चारल्यावर समोरच्या अधिकाऱ्याने माझा अर्ज न वाचताच ‘घरून कोणाला तरी घेऊन या’ असे सांगितले होते. तो शब्द अर्जात ठळक लिहिलेला होता.

खूणगाठ

मी बोलत नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही माझी भाषा आहे आणि मराठी व हिंदी मी वाचतो-लिहितो. या धाग्यात सगळे जण उच्चार कसा सुधारावा यावर लिहीत आहेत, म्हणून एक वेगळे मत नोंदवतो.

माझ्या शालेय वयातील कितीतरी तास आरशासमोर गेले. ‘क’ निघावा म्हणून जिभेवर चपटी काडी दाबली जात असे. त्या तासांत मी इतिहास, भूगोल, गणित शिकू शकलो असतो. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेत बधिरांच्या शिक्षणात खुणांऐवजी बोलण्यालाच प्राधान्य देण्याचा ठराव झाला आणि त्याचे परिणाम जगभरातील शाळांनी शंभराहून अधिक वर्षे भोगले. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त करण्यात आला. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले आणि २०२१ पर्यंत त्यांच्या शब्दकोशात १०,००० शब्द आले. म्हणजे आता साधने आहेत.

माझ्या मित्रमंडळीत अनोळखी शब्द आला, तर आम्ही तो बोटांनी अक्षरे जुळवून दाखवतो, अर्थ समजून घेतो, आणि तो पुन्हापुन्हा लागणार असेल तर त्याची खूण ठरते. प्रत्येक माणसालाही नावाची खूण असते; कपाळावरचा व्रण, हसण्याची लकब, असे काहीतरी. तिथे माझे नाव कोणाच्याही तोंडून चुकत नाही. त्या मुलीला श्लोक खुणांच्या भाषेत सादर करायचा असेल, तर मंडळ तिला ती मुभा देईल का?

रामबागकर

खूणगाठ यांचे म्हणणे मी पूर्णपणे मानते. बोलणे ही कोणाच्याही माणूसपणाची अट असू नये. मी मुलीला स्वतः विचारले. तिला दोन्ही येते, थोड्या खुणा आणि थोडे बोलणे, आणि तिला या वेळी बोलूनच म्हणायचे आहे, कारण तिचा भाऊ गेल्या वर्षी त्याच मंचावर म्हणाला होता. तिची इच्छा हीच इथे निर्णायक धरावी असे मला वाटते. पुढच्या वर्षी तिला खुणांनी सादर करावेसे वाटले, तर तीही वाट उघडी असली पाहिजे, आणि आपली सूचना मी मंडळापर्यंत नक्की पोहोचवीन.

चिमणीची आई

आम्ही ग्वाल्हेरला असतो. माझ्या मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवलेले श्रवण-उपकरण, केलेले आहे. शस्त्रक्रियेनंतर सारे काही पूर्ववत ऐकू येते, असा सार्वत्रिक समज आहे, म्हणून थोडे लिहिते. निरोगी कानाच्या शंखात ध्वनी मेंदूकडे पोहोचवणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे साडेतीन हजार असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम १२ ते २२ इलेक्ट्रोडना करावे लागते. त्यावर आमची मुलगी बोलते, भांडते, दूरध्वनीवर आजीशी गप्पा मारते, हे खरोखर अद्भुत आहे. पण नवा शब्द गोंगाटाच्या वर्गात पहिल्यांदा आला, की त्याची दोन अक्षरे हमखास गळतात.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी आम्ही आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी पाठीमागून म्हणून पाहतो. डॅनियल लिंग यांच्या नावावरून हे ‘लिंग यांचे सहा ध्वनी’ म्हणून ओळखले जातात. बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा सगळा पल्ला त्यांत येतो, त्यामुळे यंत्रात बिघाड असेल तर घरीच कळतो.

नव्या शब्दांसाठी तिच्या विज्ञानाच्या बाईंनी एक साधी सोय केली. धडा सुरू होण्याच्या आधीच्या शनिवारी त्या धड्यातील कठीण शब्दांची यादी पाठवतात. मी प्रत्येक शब्द एका कोऱ्या कार्डावर लिहिते. पुढच्या बाजूला पुस्तकातील लेखन आणि मागच्या बाजूला आपण प्रत्यक्ष म्हणतो तसे, तुकडे पाडून, पाय मोडायचे तिथे मोडून. ‘तापमान’ पुढे, ‘ताप्-मान्’ मागे. ‘संश्लेषण’ला तर आम्ही दोन रंग वापरले होते. सोमवारी वर्गात तो शब्द आला, की तिला तो ओळखीचा असतो, आणि मग कानावर पडणाऱ्या तुटक ध्वनीतूनही ती तो पकडते. बाईंचे यात फार तर दहा मिनिटांचे काम असेल. त्याने माझ्या मुलीचा हात वर्गात वर जाऊ लागला.

टेबल नंबर चार

माझे एक सहकारी कर्णबधिर आहेत, उत्तम बोलतात. बैठकीत त्यांच्याकडून एखादा शब्द वेगळा उच्चारला गेला तर सांगावे की सांगू नये, या पेचात मी नेहमी असतो. सांगितले तर अपमान होईल का, न सांगितले तर अन्याय होईल का? आणि सांगायचे तर कसे?

रामबागकर

आधी त्यांनाच विचारा. ‘एखादा शब्द वेगळा वाटला तर सांगितलेले तुम्हाला आवडेल का?’ एवढा प्रश्न एकदा विचारून ठेवला, की दोघांचाही जीव मोकळा होतो. काही जणांना आवडत नाही, आणि त्यांचा नकारही मान्य करावा.

ते हो म्हणाले, तर बैठक संपल्यावर, दोघेच असताना सांगा. शब्द मोठ्याने ओरडून पुन्हापुन्हा म्हणू नका. आवाज चढवला की ओठांचा आकार बदलतो आणि होते तेवढेही कळेनासे होते. प्रत्येक अक्षर वेगळे ताणून म्हणणेही उपयोगाचे नाही, कारण असे कोणी बोलत नाही. साध्या वेगाने, चेहऱ्यावर उजेड असेल अशा ठिकाणी उभे राहून, पूर्ण वाक्यात तो शब्द म्हणा आणि मग कागदावर उच्चाराप्रमाणे लिहून द्या. जमल्यास जागा सांगा : ‘इथे जीभ दातांमागे, इथे टाळूला.’ आपल्या शाळांत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य हे शब्द पाठ करून घेतात आणि परीक्षेनंतर कोणाला आठवत नाहीत. आमच्यासाठी ती रोजची उपयुक्त भाषा आहे. ‘जाऊ द्या, कळले मला’ असे मात्र म्हणू नका. कळले असेल तर पुढचे बोला, कळले नसेल तर लिहून मागा.

आणि अनोळखी शब्द बैठकीत येणारच असतील, नव्या योजनेचे नाव, पाहुण्यांचे आडनाव, तर ते आदल्या दिवशी लिहून पाठवा. वर ग्वाल्हेरच्या ताईंनी जे सांगितले, ते मोठ्या माणसांनाही तंतोतंत लागू पडते.

मंडळाचा कार्यकर्ता

ज्या स्पर्धेवरून ही चर्चा सुरू झाली, तिच्या समितीत मी आहे. रामबागकर ताईंनी दुवा पाठवला म्हणून सगळे वाचून काढले. आमच्यापैकी कोणाचाही त्या मुलीला विरोध नाही. अडचण अशी, की तिला सहानुभूतीने गुण दिले तर इतर पालक बोलतील, आणि तिला स्वतःलाही ते आवडणार नाही. तिला स्पर्धेबाहेर ‘विशेष सादरीकरण’ म्हणून घ्यावे, असे एका सदस्याने सुचवले आहे. आपणा सर्वांचे काय मत आहे? श्लोक भुजंगप्रयात वृत्तातले आहेत, हेही सांगून ठेवतो.

वाचावैखरी

तिला स्पर्धेबाहेर काढू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ती स्पर्धेसाठी आली आहे.

भुजंगप्रयात ऐकून तर मला फार आनंद झाला. या वृत्तात दर चरणी बारा अक्षरे असतात, लघु-गुरु-गुरु असा गट चार वेळा. हे हाताने वाजवता येते, मांडीवर ठेका धरता येतो, जमिनीवर पाऊल आपटून अंगात भिनवता येते. त्याला कानाची गरज नाही. आणि यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की वृत्तबद्ध रचना म्हणताना आपण शब्दातील ‘अ’ गिळत नाही. रोजच्या बोलण्यात अक्षरांचे पाय मोडतो, पण वृत्तात प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणावे लागते, अन्यथा मात्रा कमी पडते. लिहिले आहे तसे सारे म्हणण्याची जी सवय त्या मुलीला बोलताना वेगळे ठरवते, तीच सवय श्लोकात शुद्ध आहे. माझ्या अनुभवात ऐकू येणारी मुलेच इथे बोलीच्या सवयीने अक्षरे गिळतात आणि गुण गमावतात.

गुणांबद्दल माझी सूचना अशी, की ‘उच्चारशुद्धी’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या कराव्यात. अक्षर गाळले का, बदलले का, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले का, यती, म्हणजे चरणातील विराम, जागेवर घेतली का, हे पाठांतराचे आणि वृत्ताचे मोजमाप आहे आणि ते सर्वांना सारखे लावावे. आवाज अनुनासिक आहे, पट्टी वरखाली होते, ‘स’ मऊ निघतो, हे शरीराचे आहे. त्यासाठी कोणाचेही गुण कापू नयेत. हा नियम बोबडे बोलणाऱ्या, तोतऱ्या आणि टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांनाही लागू होईल, त्यामुळे कोणा एकीला सवलत दिली असे होणार नाही. परीक्षकांच्या हातात श्लोकांची छापील प्रत असावी, म्हणजे अनोळखी आवाजाची सवय होईपर्यंत ते अक्षरांवर बोट ठेवून ऐकू शकतील.

निवृत्त हिशेबनीस

तीच प्रत पडद्यावरही दाखवा, ही माझी विनंती. त्या मंडपात मीही बसलेला असेन, आणि मला मुले काय म्हणत आहेत ते त्यांच्याबरोबर वाचता येईल. इथल्या मराठी कार्यक्रमांना मी आता जात नाही, त्याचे कारण तेच आहे.

खूणगाठ

पडद्याच्या सूचनेला माझेही अनुमोदन. मुलीचे म्हणणे वाचले. तिला बोलूनच म्हणायचे असेल, तर मी तिला दाद द्यायला येईन. टाळ्या दोन्ही हात वर करून हलवायच्या असतात, हे निवेदकाने सर्वांना आधी सांगावे.

मंडळाचा कार्यकर्ता

समितीची बैठक झाली. मुलगी स्पर्धेतच असेल. चाळीस गुणांपैकी पंचवीस अक्षरशुद्धीला आणि पंधरा वृत्ताला, असे विभाजन सर्व स्पर्धकांसाठी ठरले आहे. आवाजाचा पोत, पट्टी आणि शारीरिक कारणाने होणारे वेगळे उच्चार यांचे गुण कापले जाणार नाहीत, हे नियमपत्रात लिहिले आहे. ‘विशेष सादरीकरणा’चा प्रस्ताव ज्यांनी मांडला होता, त्यांनीच तो मागे घेतला. छापील प्रत आणि पडदा, दोन्हींची व्यवस्था होईल. खुणांच्या भाषेतील गटाविषयी पुढच्या वर्षी विचार करू असे ठरले. त्यासाठी परीक्षक कुठून आणावेत, हे खूणगाठ यांनी कृपया कळवावे.

एक विनंती रामबागकर ताईंना. श्लोकांची यादी आपल्याला आजच पाठवतो. त्यांतील कोणते शब्द वाचून म्हणताना अडू शकतील, हे आपण खुणा करून द्याल का? ती प्रत आम्ही सगळ्याच मुलांना वाटू.

रामबागकर

जरूर पाठवा. अनुस्वार, ‘ज्ञ’, ऋकार आणि दोन प्रकारचे च-ज-झ, एवढे मी प्रत्येक ओळीवर वेगळ्या रंगाने दाखवीन आणि समासात उच्चाराप्रमाणे लिहीन. वाचावैखरी ताईंनी ती एकदा तपासून द्यावी, कारण ‘ज्ञ’ आपल्या मंडळात ‘द्न्य’ म्हणायचा की इथल्या मुलांच्या अंगवळणी पडलेला ‘ग्य’ही चालवून घ्यायचा, हे परीक्षकांनी आधी ठरवले पाहिजे आणि ते मुलांना पाठांतराला बसण्यापूर्वी कळले पाहिजे. रविवारपर्यंत प्रत याच धाग्यावर देते.